जयपूर : पेठेची राजधानी

हिंदुस्थानातील बहुतेक जुन्या नगरांच्या उदयामागे एखादी नदी, एखादे बंदर, एखादे तीर्थक्षेत्र किंवा एखादा अजिंक्य दुर्ग उभा असलेला दिसतो. घाटावर वस्ती होते, वस्तीतून बाजार भरतो, आणि बाजाराच्या बंदोबस्तासाठी कोट व कोतवाली येते. राजस्थानची राजधानी जयपूर हा या नियमाला ठळक अपवाद आहे. तेथे बारमाही नदी नाही, समुद्र शेकडो कोस दूर, वर्षाकाठी पडणारा पाऊस साठ-पासष्ट सेंटिमीटरच्या घरात, आणि दुर्ग म्हणावेत तर ते अरवलीच्या डोंगरमाथ्यांवर शहरापासून अलिप्त उभे. तरीही या कोरड्या मैदानावर तीनशे वर्षांच्या जवळपास एक उद्योगी आणि संपन्न नगर नांदत आले आहे; आणि त्याच्या संपन्नतेचे मूळ त्याच्या जमिनीत किंवा त्याच्या राजवाड्यांतही नसून, पेठांतल्या अरुंद खोल्यांत मांडी घालून काम करणाऱ्या माणसांच्या हातांत आहे, ही गोष्ट तेथे हिंडताना मला उत्तरोत्तर अधिक पटत गेली.

मुंबईहून संध्याकाळी सुटणारी गाडी रतलाम, कोटा, सवाई माधोपूर करीत दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूरला पोहोचते. चंबळ मागे पडली की शेतांची हिरवाई विरळ होत जाते, खेजडीची झाडे एकेकटी उभी दिसू लागतात, आणि मातीचा रंग फिका, भुरकट होतो. अशा मुलखात उतरल्यावर प्रथम नाहरगडावर चढावे आणि खाली पसरलेले जुने शहर डोळे भरून पाहावे, कारण जयपूरचा अर्थ उंचावरून जितका स्पष्ट वाचता येतो तितका रस्त्यावरून येत नाही. कछवाह राजपुतांची पूर्वीची गादी येथून उत्तरेस दोन-अडीच कोसांवरच्या आमेरच्या चिंचोळ्या खोऱ्यात होती. ज्या मिर्झाराजे जयसिंगांनी १६६५ साली शिवाजीमहाराजांशी पुरंदरचा तह केला ते याच आमेरचे. आणि त्यांच्याच वंशातील सवाई जयसिंगांनी, खोरे अपुरे पडू लागले म्हणून आणि बहुधा आपल्या मनातले नगर त्या खोऱ्यात मावणारे नव्हते म्हणूनही, १८ नोव्हेंबर १७२७ रोजी डोंगरापलीकडच्या मोकळ्या मैदानात नव्या राजधानीचा पाया घातला.

या कामी त्यांना लाभलेला सहकारी विद्याधर भट्टाचार्य हा बंगाली ब्राह्मण होता, आणि तो दरबारच्या हिशेबखात्यात नोकरीस होता ही गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. नगराची आखणी नऊ चौरसांची. त्यांपैकी मधले राजवाड्याकडे आणि सरकारी दफ्तरांकडे, बाकीचे प्रजेकडे. वायव्येचा चौरस नाहरगडाच्या डोंगरामुळे बसेना, तेव्हा आकृती पूर्ण करण्याच्या हट्टाने डोंगर न फोडता तो चौरस उचलून पूर्वेच्या अंगाला जोडून दिला. सूरजपोल वेशीपासून चांदपोल वेशीपर्यंत पूर्व-पश्चिम सुमारे दोन मैल सरळ जाणारा राजरस्ता जमिनीच्या किंचित उंच कण्यावर धरला आहे, त्यामुळे पावसाचे पाणी दोन्ही बाजूंना आपोआप वाहून जाते. मुख्य रस्त्यांची रुंदी सुमारे एकशे दहा फूट, त्यांच्या निम्मी उपरस्त्यांची, आणि त्याच्याही निम्मी गल्ल्यांची. ज्या काळी दिल्ली-आग्र्याच्या बाजारांतून दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर खोळंबा होई, त्या काळी आखलेल्या या रस्त्यांवरून आज मोटारींचा लोंढा वाहतो आहे, आणि तो कितीही त्रासदायक असला तरी रस्ता अजून त्याला पुरतो आहे.

नगर आखणे ही एक गोष्ट आणि ते वसविणे ही दुसरी. जयसिंगांनी ठिकठिकाणच्या सावकारांना, जवाहिऱ्यांना आणि कसबी कारागिरांना आमंत्रणे धाडली. त्यांना जमिनी दिल्या, जकातीत सवलती दिल्या, आणि राजरस्त्याच्या दुतर्फा एका उंचीची, एका घडणीची दुकाने उभी केली, जेणेकरून सावकाराने वर हवेली बांधावी आणि खाली व्यवहार चालवावा. कोणत्या गल्लीत कोणी बसावे हेही पुष्कळ अंशी ठरलेले होते. ठठेरों का रास्ता म्हणजे तांबटांचा. मनिहारों का रास्ता लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांचा. खजानेवालों का रास्ता संगमरवराच्या मूर्ती घडविणाऱ्यांचा, जेथे आजही छिन्नीचा आवाज दिवसभर चालू असतो आणि पांढऱ्या धुळीने माखलेल्या अर्धवट देवता उंबऱ्याबाहेर ओळीने उभ्या असतात. राजवाड्यात दरबारचे छत्तीस कारखाने होते असे परंपरेने सांगतात: चित्रांसाठी सूरतखाना, ग्रंथांसाठी पोथीखाना, कापड रंगविण्यासाठी रंगखाना, ठसे उमटविण्यासाठी छापाखाना. राज्याच्या गरजेने कारागिरांना कायमचे काम मिळे आणि कारागिरांच्या हातांनी पेठेला माल मिळे. राजधानी आणि बाजारपेठ एकाच नकाशात, एकाच दिवशी जन्माला आल्याचे असे उदाहरण आपल्याकडे दुसरे मला आठवत नाही.

मराठी माणसाला या नगरात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. जयसिंगांच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय ब्राह्मण. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून 'रेखागणित' या नावाने संस्कृतात आणली आणि टॉलेमीच्या सिद्धांतांच्या आधारे 'सम्राटसिद्धांत' रचला. जंतरमंतर या वेधशाळेत उभे राहून सुमारे नव्वद फूट उंचीच्या सम्राटयंत्राची छाया संगमरवरी कमानीवरून सरकताना पाहावी. ही छाया सरकते असे आपण एरवी केवळ जाणतो, पण येथे ती दर मिनिटाला सुमारे चार बोटे पुढे गेलेली प्रत्यक्ष दिसते, आणि त्या सरकण्यावरून दोन सेकंदांपर्यंत वेळ मोजता येतो. अशा यंत्रांमागे राजाच्या इच्छेइतकीच या महाराष्ट्रीय पंडितासारख्यांची विद्याही होती हे लक्षात आले की पाहणाऱ्याची मान आदराने लवते. ब्रह्मपुरीत रत्नाकर पुंडरीक या दुसऱ्या महाराष्ट्रीय विद्वानाच्या घराण्याची हवेली आजही आहे, तिच्या भिंतींवरची चित्रे संरक्षित आहेत. १७३५ साली बाजीरावांच्या मातुःश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेस निघाल्या तेव्हा जयसिंगांनी त्यांचा मोठा सत्कार केला होता. इतिहासाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. जयसिंगांच्या पश्चात गादीच्या वादात मराठ्यांच्या फौजा शिरल्या. खंडणीच्या तगाद्याने ग्रासून जयसिंगांचा पुत्र ईश्वरीसिंग याने डिसेंबर १७५० मध्ये विष घेतले. आणि पुढच्याच महिन्यात, नव्या नगराची शोभा पाहण्यास व बाजारहाट करण्यास बेसावधपणे आत गेलेल्या हजारो मराठ्यांवर शहर अकस्मात उठले आणि मोठी कत्तल झाली. त्रिपोलिया बाजाराजवळ त्याच ईश्वरीसिंगाने उभारलेला ईसरलाट नावाचा मनोरा आहे. त्याखालून जाताना खंडणीच्या राजकारणाची किंमत दोन्ही पक्षांच्या सामान्य माणसांनी कशी चुकती केली, हा विचार मनातून जात नाही. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, ज्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीने मराठी रसिकांच्या कित्येक पिढ्या तृप्त झाल्या, त्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ जयपूरच्या अंकित उणियारा ठिकाण्यात, म्हणजे जहागिरीत, जन्मले आणि शाहूमहाराजांच्या आश्रयाने कोल्हापूरचे झाले.

शहराच्या सुप्रसिद्ध गुलाबी रंगाविषयी थोडक्यात एवढेच, की तो मूळचा नाही. १८७६ साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून सवाई रामसिंगांनी सगळ्या बाजाराला गेरूचा एकसारखा रंग देवविला आणि पुढे तीच शहराची ओळख झाली. हवामहालाची ९५३ गवाक्षे, अल्बर्ट हॉल, आमेरचा शीशमहाल यांची वर्णने मार्गदर्शक पुस्तकांत भरपूर आहेत, तेव्हा ती येथे पुन्हा करीत नाही.

मला अधिक वेळ थांबावेसे वाटले ते जोहरी बाजारात आणि त्याला फुटलेल्या गल्ल्यांत. गोपालजी का रास्ता आणि हल्दियों का रास्ता ही नावे जगभरच्या जवाहिऱ्यांना पाठ आहेत. सायंकाळी तेथे दलालांची दाटी होते. पांढऱ्या कागदाच्या घडीदार पुड्या खिशातून निघतात, एका विशिष्ट पद्धतीने उलगडल्या जातात, आतले खडे तळहातावर किंवा कागदावर हलविले जातात, चिमट्याने एखादा उचलून उजेडाकडे धरला जातो, आणि दोन शब्दांत व्यवहार होतो किंवा मोडतो. रुमालाखाली बोटे दाबून किंमत ठरविण्याची जुनी रीत आता क्वचित. मात्र लाखोंचा माल निव्वळ तोंडच्या शब्दावर एकाच्या पेढीवरून दुसऱ्याच्या पेढीवर जातो हे अजून खरे आहे, आणि या विश्वासावाचून हा धंदा एक दिवसही चालणार नाही, असे मला एका वृद्ध व्यापाऱ्याने सांगितले ते पटण्यासारखे होते.

खडे मात्र येथले नव्हेत. पाचू येतो झांबिया, ब्राझील आणि कोलंबियाहून, माणिक मोझांबिकहून, निळसर जांभळा टांझानाइट आफ्रिकेतील टांझानियाहून. राजस्थानातच अजमेर-मेवाडच्या पट्ट्यात गेल्या शतकाच्या चाळिशीत पाचूच्या खाणी निघाल्या होत्या, परंतु या पेठेची भूक भागविण्याइतके बळ त्यांत नव्हते. जयपूर जगाकडून कच्चा दगड विकत घेते आणि त्यावर पैलू पाडून तोच जगाला विकते. मधली जी किंमत वाढते ती केवळ कारागिराच्या दृष्टीची आणि बोटांची. ती दृष्टी कशी असते हे पाहण्यासाठी मी रामगंजच्या बाजूला एका पाचूच्या कारखान्यात जाऊन बसलो. कारखाना म्हणजे वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली. खिडकीकडे तोंड करून बसलेले सात-आठ जण, प्रत्येकापुढे फिरते चाक आणि चाकावर ठिबकणारे पाणी. पूर्वी हे चाक एका हाताने धनुकलीची दोरी ओढून फिरवीत, आता वीज आहे. पण दुसऱ्या हाताचे काम तेच राहिले आहे. कारागीर लाकडी काडीच्या टोकाला लाख गरम करून त्यात खडा बसवितो, तो थंड झाला की चाकाला लावतो, दोन क्षणांनी काढून पुसतो, उजेडाकडे धरून पाहतो, पुन्हा लावतो. पाचू हा मोठा नाजूक दगड. त्याच्या पोटात बारीक चिरा आणि जाळी असतेच. ती पाहूनच खड्याचा घाट ठरवावा लागतो, रंग कोणत्या अंगाने अधिक गडद दिसेल ते ताडावे लागते, आणि घाई झाली तर महिन्याच्या मजुरीहून अधिक मोलाचा तुकडा चाकावर तडकतो. कच्च्या खड्याचे अर्ध्याहून अधिक वजन बहुधा पाण्याबरोबर वाहून जाते. तयार झालेले खडे शेवटी तेलात ठेवतात. तेल चिरांत मुरते आणि रंग खुलतो. ही गोष्ट व्यापारात सर्वांना ठाऊक असते आणि प्रामाणिक विक्रेता गिऱ्हाइकास ती सांगतो.

ज्याच्याजवळ मी बसलो होतो तो कारागीर पन्नाशीचा असावा. हे काम तो वडिलांकडून शिकला. मजुरी त्याला नगावर आणि वजनावर मिळते, आणि काम नसेल त्या दिवशी काहीच मिळत नाही. त्याने बोलता बोलता एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. वजन दोन कॅरेट, म्हणजे अवघे चारशे मिलिग्रॅम. त्या इवल्या हिरव्या ठिपक्यात पन्नासहून अधिक पैलू एकमेकांना रेषाभरही न चुकता भेटलेले. ते माप त्याने यंत्राने घेतले नव्हते. मालकी बहुतांशी जैन आणि वैश्य पेढ्यांची, हात बहुतांशी मुसलमान कारागिरांचे, सोन्यात खडा बसविणारा आणखी तिसरा, दागिन्याच्या पाठीवर मीना भरणारा चौथा. मीनाकारीची ही कला राजा मानसिंगाने लाहोरहून कारागीर आणवून आमेरात रुजविली असे सांगतात. एका कुंदनाच्या हारात असे चार-पाच समाज गुंफलेले असतात आणि त्यांतील कोणाचेही दुसऱ्यावाचून चालत नाही. आता सीतापुऱ्यात जवाहिराच्या निर्यातीसाठी स्वतंत्र विशेष आर्थिक क्षेत्र उभे आहे, तेथे मोठ्या इमारतींत परदेशी मागणीनुसार दागिने घडतात. तरीही कठीण खडा आला की तो शहरातल्या गल्लीतच एखाद्या जुन्या हाताकडे पोहोचतो.

कापडाची कथाही हीच. शहराच्या दक्षिणेस सांगानेर, आणि अजमेरच्या रस्त्यावर सुमारे आठ-दहा कोसांवर बगरू. बगरूचे नाव मराठ्यांच्या इतिहासात येते ते १७४८ च्या लढाईमुळे, ज्यात मल्हारराव होळकरांपुढे ईश्वरीसिंगाला तह करणे भाग पडले. आज मात्र त्या गावाची ख्याती छिपा समाजाच्या ठशांसाठी आहे. सांगानेरी छापाई पांढऱ्या भूमीवर नाजूक वेलबुट्टीची, बगरूची हिरड्याच्या पिवळसर भूमीवर काळ्या-तांबड्याची. बगरूच्या एका अंगणात मी काळ्या रंगाची घागर पाहिली: गंजके लोखंड, घोड्याचे जुने नाल आणि गूळ पाण्यात घालून कित्येक दिवस आंबत ठेवलेले. हे पाणी हिरडा लावलेल्या कापडावर पडले की काळेभोर होते. तुरटीचे पाणी ज्या ठिकाणी ठशाने लागते तेथे पुढे मंजिष्ठेच्या जातीचा तांबडा रंग धरतो. जेथे रंग नको तेथे माती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचे पीठ यांचा लगदा ठशाने लावून वर लाकडाचा भुसा भुरभुरवितात. याला दाबू म्हणतात. मग ते कापड निळीच्या खोल टाकीत बुडते, उन्हात वाळते, आणि धुतल्यावर मातीखालची जागा पांढरी निघते. छापणारा उभ्याने काम करतो. शिसवीचा ठसा रंगाच्या गादीवर टेकवितो, कापडावर ठेवितो, मुठीच्या मागच्या बाजूने एक ठोका देतो, आणि पुढचा ठसा आधीच्या ठशाच्या कडेला असा बसवितो की सांधा दिसू नये. चार रंगांची नक्षी असेल तर त्याच कापडावरून त्याला चार वेळा जावे लागते. सांगानेरात आता पडद्याच्या जाळीने छापणारे कारखाने शेकड्यांनी झाले आहेत. माल स्वस्त होतो आणि दूरदूर जातो हे खरे. परंतु त्यांच्या रासायनिक सांडपाण्याने ज्या द्रव्यवती नदीने या गावाला रंगाचे पाणी दिले तिचा नाला झाला, ही फार मोठी हानी आहे, आणि ती केवळ सौंदर्याची नसून उपजीविकेची आहे. सांगानेरात चिंध्यांपासून हातकागद करणारी कागदी घराणीही आहेत, त्यांनाही स्वच्छ पाणीच लागते.

निळ्या भांड्यांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जयपूरचे प्रसिद्ध निळे मृत्पात्र कुंभाराच्या नेहमीच्या मातीचे नसतेच. गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती, डिंक आणि सोडा यांच्या मिश्रणातून ते घडते, कोबाल्टचा निळा व तांब्याचा आकाशी रंग त्यावर चढतो, आणि ते एकदाच भाजले जाते. ही विद्या जवळजवळ लोपली होती. चित्रकार कृपालसिंग शेखावत यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा उभी केली.

जयपूरला राज्याच्या राजधानीचा मान मिळाला तो स्वातंत्र्यानंतर. एकोणीस संस्थाने आणि तीन ठिकाणे यांच्या टप्प्याटप्प्याने चाललेल्या विलीनीकरणात ३० मार्च १९४९ रोजी सरदार पटेलांनी जयपुरात राजस्थानच्या संघराज्याचे उद्घाटन केले. आदल्या दिवशी त्यांचे विमान बिघाडामुळे शहराच्या उत्तरेस शाहपुऱ्यानजीक नदीच्या कोरड्या पात्रात उतरवावे लागले होते, आणि देशभर काही तास मोठी चिंता पसरली होती. राजधानी जयपूरला गेली म्हणून इतर संस्थानांच्या गाद्यांचे समाधान करणे प्राप्त होते. म्हणून उच्च न्यायालय जोधपूरला, शिक्षण खाते बिकानेरला, खाण खाते उदयपूरला, आणि पुढे अजमेर सामील झाल्यावर महसूल मंडळ व लोकसेवा आयोग तेथे, अशी वाटणी झाली. जयपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, परंतु मुख्य पीठ आजही जोधपुरातच. विधानसभा कित्येक वर्षे राजवाड्याच्या आवारालगतच्या टाउन हॉलमध्ये भरे. आता ज्योतीनगरात तिच्यासाठी भव्य वास्तू झाली आहे.

राजधानीपणामुळे शहराचे अंग किती वाढले हे खानेसुमारीवरून कळते. १९०१ साली १ लाख ६० हजार लोकवस्ती होती. १९५१ साली ती २ लाख ९१ हजार भरली. आणि २०११ साली महानगरपालिकेच्या हद्दीत ३० लाख ४६ हजार. कोटाबाहेरच्या या विस्ताराची पहिली शिस्तबद्ध आखणी केली ती म्हैसूरहून आलेल्या सर मिर्झा इस्माईल या दिवाणांनी, १९४२ ते १९४६ या काळात. त्यांच्या नावाचा रुंद रस्ता आज शहराची दुसरी पेठ आहे. त्याच सुमारास, १९४६ मध्ये, बिर्लांचा बेअरिंगचा कारखाना निघाला, जो देशातील आपल्या धंद्याचा अग्रणी ठरला. त्यानंतर विश्वकर्मा, सीतापुरा अशा औद्योगिक वसाहती, अजमेर रस्त्यावरचे महिंद्रा वर्ल्ड सिटी, आणि तेथे आलेल्या संगणकसेवा कंपन्या. कारागिराचा मुलगा आता रात्रपाळीला अमेरिकेच्या बँकेचे हिशेब पाहतो, आणि त्याला नियमित पगार मिळतो. वडिलांचे चाक त्याने सोडले म्हणून त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पर्यटनाचा पैसाही येथे जुन्या वैभवावरच उभा आहे. महाराजा सवाई मानसिंग आणि महाराणी गायत्रीदेवी यांनी आपला राहता रामबाग राजवाडा १९५७ साली हॉटेलात रूपांतरित केला, तेव्हा संस्थानिकांच्या वर्तुळात आश्चर्य व्यक्त झाले होते. पुढे अर्ध्या राजस्थानातील हवेल्यांनी तोच मार्ग धरला. गायत्रीदेवींच्या मातुःश्री इंदिराराजे या बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या, त्यामुळे या घरात थोडा मराठी अंशही होताच. २०१९ साली युनेस्कोने जुन्या जयपूरला जागतिक वारशाचा दर्जा दिला. परंतु कोटाच्या आत शिरल्यावर दुकानांच्या सुबक रांगांवर चढविलेले काँक्रीटचे मजले आणि लोंबकळणाऱ्या तारांची जाळी पाहून मन विषण्ण होते, आणि हा मान टिकविण्यासाठी लागणारी कडक नजर दफ्तरात कोणाकडे आहे असा प्रश्न पडतो.

सर्वांत मोठी चिंता पाण्याची. जयसिंगांनी कालव्याने पाणी आणून चौपडींवरच्या, म्हणजे मुख्य चौकांतल्या, कुंडांत सोडले होते. भुयारी मेट्रोचे काम चालू असताना बडी चौपडीखाली ते कुंड पुन्हा सापडले. पुढे सवाई माधोसिंगांच्या अमदानीत बाणगंगेवर रामगडचा बंधारा झाला, आणि त्यावर शहर कित्येक वर्षे तगले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयन त्याच जलाशयावर झाले होते. आज तो तलाव कोरडा आहे. पाणलोटातले ओढे-नाले बांधांनी आणि बांधकामांनी अडले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, पण पाणी परत आले नाही. शहर २००९ पासून तीस-पस्तीस कोसांवरच्या बनास नदीवरील बीसलपूर धरणाचे पाणी पिते, त्याच पाण्यावर अजमेरही अवलंबून आहे, आणि ज्या वर्षी बनासेला पूर येत नाही त्या वर्षी छिप्याच्या टाकीपासून घरगुती हंड्यापर्यंत सर्वांच्या वाट्याला कपात येते. जगाकडून दगड आणता येतो, कापूस आणता येतो. पाणी त्या रीतीने आणता येत नाही, आणि जयपूरने आपल्या डोंगरांवरून वाहणारे पावसाचे पाणी पुन्हा अडविण्यास प्रारंभ केला पाहिजे, असे मला निकडीने वाटते.

निघण्यापूर्वी मी एका अशा ठिकाणी गेलो की जे कोणत्याही बाजाराच्या यादीत नाही. १९६८ च्या सुमारास येथल्या सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसे शालेय शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांनी मिळून 'जयपूर फूट' तयार केला. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागे. तो घालून आपल्या शेतकऱ्याला उकिडवे बसता येईना, मांडी घालता येईना, अनवाणी चालता येईना. ट्रकच्या टायरवर गरम करून बसविलेले रबर पाहून रामचंद्रांना या रबराची कल्पना सुचली, आणि त्यांनी पावलाच्या साच्यात रबर व लाकूड यांची अशी जुळणी केली की पाऊल सर्व बाजूंना वाकते आणि दिसतेही पावलासारखे. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ साली स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय विनामूल्य बसविते. दालनात एकीकडे प्लॅस्टरचे साचे वाळत होते, दुसरीकडे भट्टीत मऊ केलेला नळीचा तुकडा दोघे कारागीर हातमोजे घालून साच्यावर ओढीत होते. थंड होण्याआधी काठ कापायचा, पट्टे ठोकायचे, उंची जुळवायची. सकाळी कुबड्यांवर आलेल्या एका बिहारी मजुराचा पाय दुपारी उशिरा तयार झाला. तंत्रज्ञाने त्याला आधी दोन कठड्यांमधून चालविले, गुडघ्याखालची कड काचते का विचारले, थोडी घासून दिली, आणि मग उकिडवे बसून दाखवावयास सांगितले. तो बसला, उठला, पुन्हा बसला, आणि शेतात चिखलात उतरता येईल का, असे त्याने विचारले. येईल, असे तंत्रज्ञ म्हणाला, आणि पुढच्या माणसाचे नाव पुकारले.